बीपी आणि बहिरेपण: गोळ्या बंद करू नका, आधी कान दाखवा

इंदूरच्या सुदामा नगरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचे बाबा ६८ वर्षांचे. तरुणपणी पंधरा वर्षं इथल्या एका कापड मिलमध्ये मागावर होते, मिल बंद पडल्यावर किराणा दुकान चालवलं. चौदा वर्षांपासून बीपीच्या गोळ्या घेतात, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन. गेल्या वर्षभरात घरच्या टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांपर्यंत जायला लागला आहे. ‘बीपीच्या गोळ्यांनी कान जातात’ असं कुणीतरी सांगितलं, आणि बाबांनी तीन आठवड्यांपासून गोळ्या बंद केल्या. ताई विचारतात, बीपीचा आणि कानाचा खरंच संबंध आहे का? गोळ्यांनी कान जातात का? बीपी ताब्यात आलं तर ऐकू यायला लागेल का?

ताई, बाकीचं नंतर वाचा. आधी बाबांचं बीपी मोजा आणि ज्यांचं औषध चालू आहे त्या डॉक्टरांना आजच फोन करा. गोळ्या तीन आठवडे बंद आहेत हे न लपवता सांगा. डॉक्टर रागावतील म्हणून लोक हे लपवतात, मग डॉक्टर वाढलेलं बीपी बघून डोस वाढवतात आणि घोळ आणखी वाढतो. चौदा वर्षांचं बीपी औषधाविना मोकळं सोडणं म्हणजे मेंदू, हृदय आणि किडनी तिन्ही पणाला लावणं. कानाच्या भीतीने गोळ्या सोडल्या आणि पुढे अर्धांगाचा झटका येऊन खाटेला खिळले, अशी माणसं कानाचा डॉक्टर म्हणून मी पाहिली आहेत.

आता गोळ्यांबद्दल, कारण भीती तिथूनच सुरू झाली आहे. ही समजूत अगदीच निराधार नाही, म्हणून ती मरत नाही. लघवी वाढवणाऱ्या औषधांपैकी फ्युरोसेमाइड हे औषध हॉस्पिटलमध्ये मोठ्या डोसमध्ये, शिरेतून भरभर दिलं गेलं, विशेषतः किडनी आधीच कमजोर असलेल्या माणसाला, तर ऐकणं कमी होऊ शकतं. बहुतेक वेळा ते परत येतं. त्याच्याच जोडीला जेंटामायसिन किंवा अ‍ॅमिकासिन या अँटिबायोटिकांची इंजेक्शनं चालू असतील तर मात्र नुकसान कायमचं राहू शकतं. तुमच्या बाबांची क्लोरथॅलिडोन लघवीचीच गोळी आहे, पण दुसऱ्या घराण्यातली, थायझाइडच्या जवळची. अमेरिकेत पन्नास हजारांहून जास्त परिचारिकांची वर्षानुवर्षं माहिती घेऊन अभ्यास झाला. त्यात थायझाइड घेणाऱ्यांचं ऐकणं त्या गोळीमुळे जास्त गेलं असं दिसलं नाही. टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची दुसरी गोळी, यांमुळेही रोजच्या डोसला कान जात नाहीत. उलट घरातल्या दुसऱ्या गोळ्या तपासा. गुडघ्यांसाठी रोज डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेत असतील तर त्याने बीपी वाढतं, बीपीच्या गोळीचा जोर कमी होतो, आणि वर्षानुवर्षं घेतल्यास कानालाही ती चांगली नाही. अ‍ॅस्पिरिनच्या मोठ्या डोसने कानात आवाज येतात. हृदयासाठीच्या ७५ मिलिग्रॅमच्या गोळीने तसं सहसा होत नाही, तेव्हा तीही मनाने बंद करू नये.

मग बीपीचा संबंध कुठे येतो? तो समजायला कानाच्या आतला भाग डोळ्यांपुढे आणावा लागेल. ऐकण्याचं खरं काम करणारा अवयव, कॉक्लिया, गोगलगायीच्या शंखासारखा अडीच वेढ्यांचा आणि वाटाण्याएवढा असतो. त्यात सुमारे १५,००० केसपेशी असतात. आवाजाची थरथर त्या पकडतात आणि विजेच्या संदेशात बदलून नसेकडे देतात. त्यांना वीज पुरवायला शेजारीच बारीक रक्तवाहिन्यांनी विणलेला एक पट्टा असतो. आतल्या द्रवात तो सुमारे ८० मिलिव्होल्टचा दाब सतत टिकवून धरतो, दिवस-रात्र, आपण झोपलो असतानाही. एवढ्या कामाला रक्त भरपूर लागतं, आणि ते येतं एकाच बारीक धमनीतून. राजवाड्यापाशी रस्ता तुंबला तर माणूस सराफ्यातून निघू शकतो. या गल्लीला दुसरं तोंडच नाही.

बीपी वर्षानुवर्षं चढं राहिलं की अशा बारीक धमन्यांच्या भिंती जाड होतात आणि आतली वाट अरुंद होते. मोठी धमनी तुंबली तर छातीत दुखतं, माणूस दवाखाना गाठतो. कानातली बारीक धमनी अरुंद झाली तर काहीच दुखत नाही. डोळ्याचे डॉक्टर पडद्यावरच्या रक्तवाहिन्या बघून बीपीने किती झीज केली ते सांगू शकतात. कानात तशी सोय नाही, कॉक्लिया शरीरातल्या सर्वांत टणक हाडात बंद आहे. म्हणून बीपीचा जुना पेशंट ऐकू कमी येतं म्हणून आला की मी डोळ्याचा पडदा तपासून घ्यायला सांगतो. लोकांना नवल वाटतं, पण शरीरातल्या बारीक वाहिन्यांचा हालहवाल तिथेच दिसतो.

हे सगळं ऐकून ‘म्हणजे बीपीमुळेच कान गेले’ असं ठरवू नका. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ पासून लोकांच्या हृदयाचा पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास चालू आहे. त्यातल्या वृद्धांचे कान तपासले, १९९३ मध्ये निष्कर्ष छापून आले. हृदय-रक्तवाहिन्यांचे आजार असलेल्यांना, त्यातही बायकांना, खालच्या पट्टीचे आवाज कमी ऐकू येत होते. रक्तपुरवठ्याच्या पट्ट्याची झीज झाली की असंच अपेक्षित असतं. पण वर सांगितलेल्या परिचारिकांच्या अभ्यासात बीपी असणाऱ्या आणि नसणाऱ्या बायकांमधला फरक अगदी थोडा निघाला. त्याही आधी, १९६०च्या सुमारास, न्यूयॉर्कचे कानाचे सर्जन सॅम्युएल रोझेन सुदानमधल्या माबान जमातीत गेले होते. तिथल्या म्हाताऱ्यांना उत्तम ऐकू येत होतं आणि वयाबरोबर त्यांचं बीपीही वाढत नव्हतं. लगेच दोन्हींची सांगड घालावीशी वाटते. पण त्या लोकांच्या आयुष्यात ना यंत्रं होती, ना भोंगे, ना बंदुकीचे बार. श्रेय कमी बीपीला द्यायचं की शांततेला, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. माझं मत विचाराल तर संबंध खरा आहे, पण मोठा नाही. वय, गोंगाट, साखरेचा आजार आणि तंबाखू यांचा हात बीपीपेक्षा मोठा असतो. बीपी त्यांच्या जोडीला येतं आणि चाललेली झीज वाढवतं.

तुमच्या बाबांच्या बाबतीत मला खरा संशय मागांवर आहे. चालू मागांच्या शेडमध्ये आवाज ९५ ते १०० डेसिबलच्या आसपास असतो. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे, आणि दर तीन डेसिबलला आवाजाची ताकद दुप्पट होते. त्या काळी कानात बोळा घालणारा कामगार विरळाच. माझे काका मिलमध्ये होते. अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलच्या झाँक्या, म्हणजे सजवलेले फिरते देखावे, बघायला ते मला खांद्यावर बसवून नेत. ढोल-ताशांच्या गजरात बाकीच्यांना एकमेकांचं ऐकू यायचं नाही, पण काका समोरच्याच्या ओठांवरून वाक्य ओळखून उत्तर द्यायचे. शेडमध्ये सगळे तसंच बोलत. आणि घरी, दुपारच्या शांततेत, काकूंनी पाठीमागून ‘अहो, चहा’ म्हटलं तर ते पेपर वाचत राहायचे. काकूंना वाटायचं, मुद्दाम करतात. मी कानाचा डॉक्टर झाल्यावर त्यांचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, काढला, तेव्हा ४००० हर्ट्‌झला खोल खड्डा होता. तो खड्डा ही गोंगाटाची खूण असते. काकूंनी तो कागद बराच वेळ हातात धरला होता.

इथे आणखी एक गुंता आहे. गोंगाट नुसते कानच नाही बिघडवत, तो बीपीही वाढवतो. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसाला बीपी आणि बहिरेपण दोन्ही सापडलं तर एकामुळे दुसरं झालं असं नाही, दोन्ही एकाच शेडमधून आलेली असू शकतात. प्रयोगशाळेत उंदरांची एक जात असते, तिचं बीपी उपजतच चढं राहतं. तिला आणि साध्या उंदरांना सारखाच गोंगाट ऐकवला, तर चढ्या बीपीच्या उंदरांचे कान जास्त बिघडले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, तरी मिलमध्ये काम केलेल्या आणि नंतर बीपी जडलेल्या माणसाकडे बघताना मी हे ध्यानात ठेवतो.

घरात एक गोष्ट तपासून बघा. बाबा ‘ऐकू येत नाही’ म्हणतात, की ‘ऐकू येतं पण कळत नाही’? बहुतेक दुसरं असेल. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीचे, ते शाबूत राहतात. स, श, फ, थ, ख ही व्यंजनं वरच्या पट्टीची आणि दबक्या आवाजाची, ती आधी जातात. मग ‘सात’चं ‘हात’ होतं, ‘पास’चं ‘पाच’ होतं. दुकानात ‘साठ रुपये’चं ‘आठ रुपये’ ऐकतात आणि गिऱ्हाइकाशी खटका उडतो. नातवंडांचे आवाज बारीक, म्हणून नातवंडंच सर्वांत कमी कळतात. ओरडून बोलल्याने हे सुधारत नाही, कारण ओरडताना स्वर फुगतात आणि व्यंजनं आहेत तिथेच राहतात. शिवाय अशा कानाला मोठा आवाज एकदम बोचतो, मग बाबा म्हणतात, ‘ओरडतेस कशाला?’ समोर बसून, चेहऱ्यावर उजेड असताना, जरा सावकाश बोला. टीव्ही आणि कुकरची शिट्टी चालू असताना महत्त्वाचं काही सांगू नका.

बीपी ताब्यात आल्यावर ऐकू यायला लागेल का, याचं उत्तर देताना मला वाईट वाटतं. मेलेल्या केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. बीपी आटोक्यात ठेवल्याने पुढची झीज मंदावेल एवढी आशा धरता येते, गेलेलं परत येणार नाही. आपल्याकडे लोक ‘नस सुकली’ म्हणतात. नस बहुधा सुकलेली नसते, तिला संदेश देणाऱ्या पेशी गेलेल्या असतात. म्हणूनच नसेच्या ताकदीची म्हणून विकली जाणारी टॉनिकं आणि कानात घालायची तेलं यांवर पैसे घालवू नका.

पण आशा कुठे आहे तेही सांगतो. बाबांचं कमी झालेलं सगळंच ऐकणं त्या पेशींचं आहे हे अजून ठरायचं आहे. कानात मळाचा खडा बसला असेल, पडद्यामागे पाणी साचलं असेल, पडद्याला भोक असेल, तर तो भाग परत मिळतो. ‘वय झालं, बीपी आहे’ म्हणून दोन वर्षं घरच्यांनी सोडून दिलेल्या एका आजींच्या दोन्ही कानांतून मी काळा, दगडासारखा मळ काढला. त्या खुर्चीवरून उठल्या आणि बाहेरच्या पंख्याकडे बघून विचारलं, ‘हा एवढा आवाज करतो?’ म्हणून ऑडिओमेट्रीआधी, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीआधी, कान आतून बघून घ्यायचा. मळ काढायला घरी काडी, पिन, गरम तेल काही नको.

जिथे वेळ दवडून चालत नाही ती गोष्ट आता. एखाद्या सकाळी उठल्यावर एका कानाने ऐकू येणं एकदम बंद झालं, किंवा दोन-तीन दिवसांत झपाट्याने कमी झालं, तर ती कानाची इमर्जन्सी आहे. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, लोकमान्य नगरातले, निवृत्त शिक्षक. सकाळी दात घासताना डावा कान बंद झाला. जवळच्या दवाखान्यात बीपी १७० निघालं. ‘बीपीमुळे कान बंद झालाय, बीपी उतरलं की उघडेल’ असं सांगून गोळी वाढवून दिली गेली. बीपी चार दिवसांत उतरलं, कान उघडला नाही. घरचे वाट बघत राहिले. ते माझ्याकडे पोचले तेव्हा पाच आठवडे उलटले होते. अशा वेळी स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत, आणि त्यातही जितक्या लवकर तितका जास्त. मी प्रयत्न केला, पण तो कान परत आला नाही. ज्यांनी बीपी तपासलं त्यांनी बीपीवर इलाज केला, त्यात वाईट हेतू नव्हता. चढं बीपी दिसलं आणि तेवढ्यावरच विचार थांबला, एवढंच झालं. त्यानंतर बीपीचा पेशंट आणि बंद कान हे दोन शब्द एकत्र ऐकले की मी पहिल्या मिनिटात विचारतो, ‘कधीपासून?’

घरच्या घरी एक चाचणी करता येते. तोंड मिटून ‘म्म्म’ असं गुणगुणायचं. बंद कानात आवाज जास्त घुमला तर बहुधा मळ किंवा पडद्याच्या बाजूचा दोष असतो. चांगल्या कानात घुमला तर दोष आतल्या कानाचा, म्हणजे त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे. आम्ही ५१२ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क कपाळावर टेकवून हेच बघतो. बाबांना साखरही असेल तर तेव्हा डॉक्टरांना सांगा. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी बीपी आणि साखर दोन्ही उसळतात, पण म्हणून इलाज टाळायचा नसतो. फिजिशियनना सोबत घेऊन रोज मोजत गोळ्या देता येतात, किंवा बारीक सुईने पडद्यातून थेट मधल्या कानात इंजेक्शन देता येतं. आणि कान बंद होताना जोडीला चक्कर, दुहेरी दिसणं, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं किंवा चालताना तोल जाणं असेल तर कानाचा दवाखाना शोधत बसू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. कानाला रक्त देणारी धमनी बहुधा मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचीच फांदी असते, तेव्हा हा मेंदूचा झटका असू शकतो.

कानात शिट्टीसारखा किंवा रातकिड्यांसारखा आवाज ही वेगळी तक्रार, बहिरेपणाबरोबर ती बरेचदा येते. पण मनगटावर बोट ठेवून बघा. आवाज नाडीच्या ठोक्याला धरून धक-धक येत असेल तर सांगा, कारण त्यामागे बीपी, रक्त कमी असणं किंवा कानाजवळच्या रक्तवाहिनीचा दोष असू शकतो, आणि त्याची तपासणी निराळी.

बीपी मोजण्याबद्दल एक सांगायचं राहिलं, कमी ऐकू येणाऱ्यांच्या बाबतीत ते फार चुकतं. मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, अर्धा तास चहा-तंबाखू नाही, हात छातीच्या उंचीवर, आणि मोजताना बोलायचं नाही. ज्याला ऐकू येत नाही तो माणूस मोजतानाच ‘काय म्हणालात?’ विचारत राहतो, शेजारून मुलगी ओरडून सांगत असते, आणि बीपी दहाएक अंकांनी वाढलेलं दिसतं. माझ्या खोलीत मी अशा पेशंटला कागदावर लिहून दाखवतो: ‘दोन मिनिटं बोलू नका’. घरच्या मशीनवर सरासरी १३५/८५ च्या वर राहिली तर ते चढं समजायचं.

मिठाबद्दलही बोललं पाहिजे, आपण इंदूरचे. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे एक चमचा मीठ पुरे असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सकाळच्या पोह्यांवर शेव, वरून जिरावण मसाला, त्यात काळं मीठ, दुपारी लोणचं-पापड, संध्याकाळी पुन्हा शेव. चमचा केव्हाच ओलांडलेला असतो. पोहे सोडा असं मी कुणालाच सांगत नाही. शेव चिमूटभर घ्या आणि जिरावणचा डबा टेबलावरून उचलून कपाटात ठेवा, एवढं चौदा वर्षांच्या बीपीला जमण्यासारखं आहे.

पेशींचा बहिरेपणा निघालाच तर श्रवणयंत्राला बाबा नाही म्हणतील, सगळेच म्हणतात. ऑडिओमेट्रीवरून बसवलेलं यंत्र घ्या, बाजारातलं नुसता आवाज वाढवणारं नको. दोन्ही कान बिघडले असतील तर दोन्ही कानांना लावा, आणि पहिल्या दिवशी लग्नाच्या हॉलमध्ये नेऊ नका. घरात, एका माणसाशी बोलताना, रोज थोडा वेळ वाढवत सवय लावा. मेंदूला विसरलेले आवाज ओळखायला काही आठवडे लागतात.

बाबांना तपासायला आणाल तेव्हा चालू आणि बंद केलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप आणा, गुडघ्याच्याही. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजलेलं बीपी वहीत लिहून आणा. आणि आदल्या दिवशी वरात, डीजे, मोठ्या आवाजाचा हेडफोन काही नको. तपासणीआधी सोळा तास तरी कान शांत असावे लागतात, नाहीतर ऑडिओग्राममध्ये त्या रात्रीचा गोंगाट उतरतो आणि मिलचा किती, बीपीचा किती हे मला वाचता येत नाही.